झीज जाते कुठे?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी गाडी गॅरेजमध्ये नेली. कोकणात जायचे होते, वाटेत घाट होता आणि ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून बारीक, कर्कश शीळ ऐकू येत होती. आमच्या भागातले हे गॅरेज बाप-लेक मिळून चालवतात. लेकाने गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवले, कॅलिपर उघडला आणि आतला पॅड काढून माझ्या हातावर ठेवला. ‘संपलाय, साहेब.’ शेजारी नवा पॅड धरून दाखवला. नव्याचा थर करंगळीएवढा जाड होता. माझ्या हातातल्या पॅडवर जेमतेम दोन रुपयांच्या नाण्याएवढा उरला होता.

‘हे चालतात तरी किती?’ मी विचारले.

‘तीस हजार, चाळीस हजार किलोमीटर. कुणाचे साठही जातात. गाडीपेक्षा चालवणाऱ्यावर आहे.’

एवढे बोलून त्याने चाकाच्या आतली काळसर भुकटी उडवायला हवेचा पाइप उचलला. तेवढ्यात मागून बाप म्हणाला, ‘हवा मारू नको. ओलं फडकं घे.’ लेकाने मुकाट्याने फडके भिजवून आणले. मी कारण विचारले, तेव्हा म्हातारे बाबा म्हणाले, ‘आम्ही तोंडानं फुंकायचो. ड्रम काढला की पहिली फुंकर. आमच्या वस्तादांना शेवटी शेवटी जिना चढवत नव्हता. सगळे म्हणायचे, विडीमुळं.’ यापुढे ते काही बोलले नाहीत.

पॅड किती चालतो, हा गाडीवाल्याचा प्रश्न. त्याचे उत्तर कोणताही मेकॅनिक देतो. घरी परतताना माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न घोळत होता. करंगळीएवढ्या थराचा नाण्याएवढा थर झाला, तर मधला माल गेला कुठे? त्या प्रश्नामागे जाताना जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

थांबण्याची किंमत

आधी थोडे गणित. माणसांसह बाराशे किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्या अंगी सुमारे तीन लाख ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी जिरवायची. ब्रेक तिची उष्णता करतो. एवढ्या उष्णतेत जवळजवळ एक लिटर पाण्याला उकळी येईल. हे एकदा थांबण्याचे झाले. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. त्या उतारात मिळणारी ऊर्जा साठ लाख ज्यूलच्या आसपास, म्हणजे ताशी ८० च्या वेगावरून वीस वेळा गाडी थांबवण्याइतकी. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते, काही खालच्या गिअरमध्ये इंजिन अडवून धरते. बाकीची ब्रेकच्या वाट्याला येते. घाट उतरून आल्यावर चाकाजवळ जळकट वास येतो, तो याचाच.

ही उष्णता दोन पृष्ठभागांच्या घर्षणातून निघते. एक पृष्ठभाग लोखंडाचा, म्हणजे डिस्क किंवा ड्रम. दुसरा मुद्दाम त्याहून मऊ केलेला, म्हणजे पॅड किंवा जुन्या भाषेत लायनर. मऊ अशासाठी, की झिजायचेच आहे तर स्वस्त आणि बदलता येण्याजोग्या वस्तूने झिजावे. पॅड अगदी संपला, की मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते, डिस्कवर चरे पडतात आणि खर्च कितीतरी वाढतो. म्हणून पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ लावलेली असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला, की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. माझ्या गाडीतली शीळ तीच होती.

परोपकारी माणसाला आपण चंदनाची उपमा देतो. चंदन झिजते, पण त्याची झीज सहाणेवरून कपाळावर जाते. ब्रेकच्या पॅडची झीज रस्त्यावर, गटारात आणि श्वासात जाते. आणि ती श्वासात गेल्यावर काय होते, हे पॅड कशाचा बनवला आहे यावर ठरते. सव्वाशे वर्षांत ती गोष्ट बऱ्याचदा बदलली.

लाकूड, लोखंड, कातडे

चाकावर लाकडाचा ठोकळा दाबून गाडी अडवायची, ही युक्ती मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. घोडागाड्यांना तेच होते, सुरुवातीच्या आगगाड्यांनाही तेच. पुढे आगगाडीत लाकडाची जागा बिडाच्या ठोकळ्याने घेतली.

वजन मोठे आणि उतार लांब असला, की ब्रेकचा भरवसा किती धरायचा, हा प्रश्न आपल्याकडे मोटारीच्या आधी आगगाडीने आणला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. सुमारे १५ मैलांत १८०० फुटांहून अधिक चढ आणि सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांमागे एक फूट उतार. हा घाट बांधणाऱ्या अभियंत्यांनी ब्रेकवर पूर्ण विसंबायचे नाकारले. उतरत्या मार्गावर ठिकठिकाणी चढाकडे वळणारे आंधळे फाटे काढले गेले. रुळांचे सांधे नेहमी त्या फाट्याच्या दिशेनेच लावलेले असत. गाडीने आधी थांबून दाखवायचे, मग सांधा बदलून तिला मुख्य मार्गावर सोडायचे. जी थांबली नाही ती आपोआप चढावर जाई आणि तिथे तिचा वेग मरे. कॅच सायडिंग म्हणतात ते हेच. ब्रेक कधीतरी फसणार, हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था होती.

मोटारीला असे फाटे कोण देणार? तिला स्वतःच्या ब्रेकवरच जगायचे होते. तिच्या ब्रेकची पहिली ठळक कथा ऑगस्ट १८८८ ची आहे. जर्मनीतल्या मानहाइमहून बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पती कार्ल यांना न सांगता, त्यांनी बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून सुमारे १०० किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइम या आपल्या माहेरगावी निघाल्या. मोटारीने केलेला हा पहिला दूरचा प्रवास मानला जातो. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजत चालले. तेव्हा त्यांनी एका गावात जोडे शिवणाऱ्या कारागिराला गाठले आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर कातडे ठोकून घेतले. झिजणारा थर वेगळा आणि त्याला धरणारा भाग वेगळा, ही कल्पना मोटारीत तिथे आली. लायनर बदलण्याचे पहिले काम मोच्याच्या दुकानात झाले, असे म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी, की पुढची पायरीही जोड्यांपाशीच सुरू होते. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात रस्ते डोंगराळ. तिथले गाडीवान उतारावर घोडागाडीच्या लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचे कातडे बांधत. हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाच्या हे नजरेत आले. १८९७ च्या सुमारास त्याने विणलेले कापड चिकट द्रव्यांत मुरवून, थरावर थर दाबून ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली. १९०२ मध्ये चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी त्याचा कारखाना उभा राहिला. नाव ठेवताना त्याने आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट केली, त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावातले ‘ई’ घातले आणि ‘फेरोडो’ हा शब्द तयार झाला. जुन्या गॅरेजवाल्यांना हे नाव सांगावे लागत नाही.

न विझणारा धागा

कापसाच्या लायनरला एक मर्यादा होती. उष्णता वाढली की तो करपे, आणि करपलेला लायनर धरत नाही. मोटारी जड झाल्या, वेग वाढले. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रमच्या आतून फाकणारे ब्रेक आणले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टरने पॅड म्हणून तांबे वापरले होते. धातूवर धातू घासल्यामुळे त्याचा आवाज असा भयंकर होई, की कल्पना चांगली असूनही मागे पडली. करपणार नाही, किंचाळणार नाही आणि लवकर झिजणारही नाही, असे काहीतरी हवे होते.

ते खाणीत मिळाले. ॲस्बेस्टॉस हा ग्रीक शब्द, अर्थ ‘न विझणारे’. हा दगडच आहे, पण विलक्षण दगड. त्याचे रेशमासारखे तंतू निघतात, ते कातता येतात, विणता येतात आणि जळत नाहीत. १९०८ च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉसचा वापर सुरू केला आणि ब्रेकच्या जगातला एक जुना प्रश्न सुटल्यासारखा झाला. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातल्या बहुतेक मोटारींच्या, बसच्या, ट्रकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस राहिले. त्यातही मुख्यतः क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस.

त्याला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे श्रेय द्यायला हवे. भरवशाचा ब्रेक मिळाल्यामुळे किती माणसे वाचली, याची मोजदाद करता येणार नाही. भरलेली एस. टी. पावसाळ्यात घाट उतरून सुखरूप खाली येई, त्यात चालकाच्या कसबाइतकाच त्या लायनरचाही वाटा होता. स्वस्त, टिकाऊ, उष्णतेला न जुमानणारा माल कारखानदाराने सोडला नाही, यात नवल नाही. प्रश्न टिकाऊपणाचाच निघाला. जो तंतू ब्रेकमध्ये टिकतो, तो फुफ्फुसातही टिकतो. शरीर त्याला जाळू शकत नाही, विरघळवू शकत नाही. त्याच्याभोवती व्रण धरत जातात, फुफ्फुस हळूहळू चामड्यासारखे ताठ होते आणि माणसाला दम पुरेनासा होतो.

रॉचडेलची नेली

इंग्लंडमध्येच, लँकेशायरमधील रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्सची ॲस्बेस्टॉसची गिरणी होती. कापसाच्या गिरण्यांचा हा मुलूख. तीच यंत्रे, तशाच बाया, फक्त सूत दगडाचे. नेली केरशॉ ही अशीच एक कामगार. लहानपणीच गिरणीत कामाला लागलेली, पुढे टर्नर ब्रदर्समध्ये ॲस्बेस्टॉसचे सूत काढू लागली. दम लागून काम अशक्य झाले तेव्हा डॉक्टरने तिच्या दाखल्यावर ॲस्बेस्टॉसच्या विषबाधेचे कारण लिहिले. असा आजार कायद्याच्या यादीत नाही म्हणून तिला भरपाई मिळाली नाही. कंपनीने जबाबदारी नाकारली. मार्च १९२४ मध्ये ती वारली, तेव्हा ३३ वर्षांची होती. तिच्या कबरीवर नावाचा दगडही लागला नाही.

तिचे नाव टिकले ते डॉ. विल्यम कुक यांच्यामुळे. त्यांनी शवविच्छेदनात तिच्या फुफ्फुसात ॲस्बेस्टॉसचे कण पाहिले आणि जुलै १९२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर लेख लिहिला. तीन वर्षांनी या आजाराला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव मिळाले. सरकारने चौकशी नेमली. मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल १९३० मध्ये आला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या, म्हणजे चौघांतल्या एकाहून अधिक जणांच्या फुफ्फुसात व्रण आढळले होते. १९३१ मध्ये नियम झाले. धूळ शोषून घेणारे पंखे लावा, कामगारांची तपासणी करा, आजार असेल तर भरपाई द्या.

या नियमांत एक उणीव होती. त्यांना गिरणी दिसली, कारण अहवालाला गिरणी दिसली होती. सूत काढणे, विणणे, दाबणे यांतून उडणारी धूळ त्यांनी धरली. पण लायनर गिरणीतून बाहेर पडल्यावरही त्याची धूळ व्हायचीच होती, किंबहुना धूळ होणे हेच त्याचे काम होते. ड्रमच्या आत साठलेली ती भुकटी फुंकणारा मेकॅनिक, नवा लायनर ड्रमला बसावा म्हणून कानस मारणारा त्याचा पोऱ्या, घरी त्यांचे कपडे धुणारी बाई, ही माणसे १९३१ च्या नियमांत नाहीत. दरम्यान १९२६ मध्ये फेरोडो ही टर्नर अँड न्यूऑल या समूहात गेली. टर्नर ब्रदर्सही त्याच समूहात होती. सूत काढणारी गिरणी आणि लायनर करणारा कारखाना यांचा मालक एकच झाला.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. ब्रेकच्या उष्णतेत क्रायसोटाइलचा बराचसा भाग मोडतो आणि त्याचे तंतू नसलेले दुसरे खनिज बनते. त्यामुळे ड्रममधली सगळी भुकटी म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. तंतूंचा थोडाच भाग तसा शिल्लक राहतो. त्याने मेकॅनिकांना किती अपाय झाला, यावर संशोधकांत मतभेद आहेत आणि अमेरिकेतल्या न्यायालयांत तो वाद वर्षानुवर्षे चालला आहे. नवा लायनर कापण्या-घासण्यात मात्र न जळालेला तंतूच उडतो. गिरणीतल्या कामगारांबद्दल तर वाद उरलेला नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी ॲस्बेस्टॉसची आवरणे बसवणाऱ्या कामगारांतील मृत्यूंचा हिशेब मांडला. हा कर्करोग धूळ अंगात गेल्यापासून बहुधा तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. पॅडचे आयुष्य चाळीस हजार किलोमीटर, धुळीचे चाळीस वर्षे. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, गॅरेज बंद पडलेले असते आणि खोकल्याचे खापर विडीवर फुटलेले असते.

घाटकोपरला

फेरोडो आपल्याकडेही आली. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. पुढे ही कंपनी हिंदुस्थान काँपोझिट्स झाली. घाटकोपर-विक्रोळी-भांडुपच्या त्या पट्ट्यात एके काळी भोंग्यावर घड्याळ लावणारी वस्ती होती. कोकणातून, घाटावरून आलेली माणसे कारखान्यात चिकटली, की घरचे म्हणत, ‘पर्मनंट झाला.’

दिवाळी अंक वाचणाऱ्या पिढीने ॲस्बेस्टॉस पाहिले ते मुख्यतः छपराच्या सिमेंटच्या पत्र्यात. भारतात येणाऱ्या ॲस्बेस्टॉसचा मोठा भाग तिथेच जातो. ब्रेकच्या लायनरचा वाटा त्या मानाने छोटा, पण तो घरोघरच्या दुचाकीपर्यंत पोहोचलेला.

या कामगारांच्या बाबतीत भारतीय न्यायव्यवस्थेने एक महत्त्वाचा टप्पा गाठला तो जानेवारी १९९५ मध्ये. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवावी, असा आदेश दिला. आजार सिद्ध झालेल्यांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. चाळीस वर्षांचा हा आकडा नीट पाहावा. या रोगाला किती वेळ लागतो, हे न्यायालयाला उमगले होते.

आदेश झाला, तरी रोगी शोधावे लागतात. २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस-काँपोझिट कारखान्याच्या कामगारांची तपासणी मांडलेली आहे. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांचा हा अभ्यास. त्यात ॲस्बेस्टॉसिसचे रुग्ण आढळले. धुळीच्या आजाराचे निदान क्षयाहून वेगळे करणे अवघड असते. छातीचा फोटो पाहून ‘टी. बी.’ म्हणणे सोपे, आणि आपल्याकडे टी. बी. मुबलक. म्हणून ‘तुम्ही आयुष्यभर काम काय केले?’ हा प्रश्न अशा तपासणीत यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तरीही हे सगळे हजेरीपटावर नाव असलेल्यांचे. गॅरेजमधल्या पोऱ्याचे नाव कोणत्या पटावर असते? त्याची नोंद ४० वर्षे कोण जपणार? १९३१ च्या इंग्रजी नियमांत जी जागा रिकामी होती, तीच १९९५ च्या आदेशानंतरही आपल्याकडे रिकामी राहिली. अमेरिकेत १९९४ च्या नियमांनी गॅरेजला ब्रेकची भुकटी उघड्या हवेच्या झोताने उडवायला मनाई केली, ओल्या पद्धतीने पुसायला सांगितले. आमच्या गॅरेजमधल्या बाबांनी ते नियम वाचलेले नव्हते. त्यांनी आपल्या वस्तादांना जिना चढताना पाहिले होते.

बंदी आणि बदली

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर जवळजवळ पूर्ण बंदी जाहीर केली. १९९१ मध्ये न्यायालयाने तिचा मोठा भाग रद्द केला. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघात ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. अमेरिकेत क्रायसोटाइलवरची बंदी यायला मार्च २०२४ उजाडला. आपल्याकडे क्रायसोटाइलवर आजही संपूर्ण बंदी नाही. नामवंत उत्पादकांच्या पॅडच्या खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे छापलेले असते. सुट्या, बिनखोक्याच्या मालावर काहीच छापलेले नसते. टर्नर अँड न्यूऑल १९९८ मध्ये फेडरल-मोगल या अमेरिकी कंपनीने घेतली आणि २००१ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांच्या ओझ्याखाली त्या कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले.

मग ॲस्बेस्टॉसच्या जागी काय आले? पोलादाचे तंतू, ॲरामिड, काचेचे आणि चिनी मातीच्या जातीचे पदार्थ, आणि तांबे. तांबे उष्णता पटकन वाहून नेते, म्हणून ते पॅडमध्ये खूप वापरले गेले. लँचेस्टरच्या किंचाळणाऱ्या पॅडनंतर इतक्या वर्षांनी ते वेगळ्या रूपात परतले. पण झीज कुठे जाते हा प्रश्न तसाच होता. तांब्याची भुकटी रस्त्यावर पडे, पावसाबरोबर ओढ्यांत जाई. विरघळलेले तांबे सॅमन माशांच्या पिल्लांची वास घेण्याची शक्ती बिघडवते. शत्रूची चाहूल आणि जन्मओढ्याची वाट सॅमनला वासानेच कळते. २०१० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने हटवण्याचे कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून पाच टक्क्यांची आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली. इथे प्रथमच कायद्याने पॅड कसा बनतो यापलीकडे, तो झिजून कुठे जातो हे विचारले.

युरोपने पुढचे पाऊल टाकले. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो-७ नियमांत धुराड्याबरोबर ब्रेकमधून उडणारे बारीक कणही मोजायचे ठरले. सर्वसाधारण मोटारीला किलोमीटरमागे सात मिलिग्रॅम, पूर्णपणे विजेवरच्या मोटारीला तीन.

पुन्हा बोरघाट

विजेच्या मोटारीला कमी मर्यादा का, हे समजायला पुन्हा घाटात जावे लागते. बोरघाटातली रेल्वे १९२९-३० च्या सुमारास विजेवर गेली. तेव्हा मालगाड्यांसाठी आणलेली लांब नाकाडांची इंजिने आपल्या रेल्वे कामगारांत ‘खेकडा’ या नावाने ओळखली जात. या इंजिनांत एक सोय होती. घाट उतरताना त्यांच्या मोटारी उलट जनित्राचे काम करत. उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यात जाळण्याऐवजी वीज होऊन वरच्या तारेत परत जाई, आणि चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. उतरणारीने चढणारीला ओढायचे, अशी ही योजना.

आजची विजेची मोटार हेच करते, फक्त वीज तारेत न जाता तिच्या बॅटरीत जाते. त्यामुळे तिचे पॅड फार सावकाश झिजतात. कधी कधी वापराअभावी डिस्कवर गंज चढतो, एवढीच तक्रार असते. उष्णता करून टाकायची आणि माल झिजवायचा, यापलीकडचा मार्ग खंडाळ्याच्या उतारावर शंभर वर्षांपूर्वी चालत होता. मोटारीपर्यंत पोहोचायला त्याला इतका काळ लागला. पॅड मात्र याही गाडीत लागतातच. अचानक कुणी आडवे आले, तर शेवटचा भरवसा घर्षणाचाच.

माझ्या गाडीला त्या दिवशी पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले. ते जोडीनेच बदलायचे असतात, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. पुढचेच आधी संपतात, कारण ब्रेक लावताना वजन पुढे येते. नवे पॅड बसले, की पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे टाळावे, म्हणजे त्यांचा डिस्कशी मेळ बसतो. दर दहा हजार किलोमीटरला एकदा चाक उतरवून थर पाहावा, तीन मिलिमीटरवर आला तर शिळेची वाट पाहू नये. आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. हे सगळे मला लेकाने सांगितले.

बाबांनी एकच सांगितले. मी पैसे देत असताना त्यांनी ते काळे झालेले फडके लेकाच्या हातून घेतले, पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली आणि म्हणाले, ‘वाळलं की परत उडतं.’